तांब्याचे बिल्ले, पत्र्याचे बिल्ले

गेल्या वर्षी आमच्या साखर कारखान्यात रसाच्या टाकीची पातळी सांभाळायला एक लहानसा संगणक बसवला. तो बसवायला पुण्याहून एक तरुण इंजिनिअर आला होता. मी भांडाराचा प्रमुख, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांची यादी माझ्याकडे आणि त्याचा दुपारचा चहाही माझ्याच टेबलावर. एकदा चहा पिता पिता त्याने मला त्या यंत्राला सूचना द्यायची भाषा समजावून सांगितली. फोर्थ तिचं नाव. हिच्यात वस्तू आधी एकावर एक रचून ठेवायच्या आणि मग काय करायचं ते सांगायचं. दोन ठेवा, तीन ठेवा, मिळवा. ‘मिळवा’ हा शब्द वरचे दोन आकडे उचलतो आणि त्यांच्या जागी पाच ठेवतो. मी म्हटलं, आम्ही हमालाला असंच सांगतो की; दोन पोती, मागचं गोदाम, ठेव. त्याला ते आवडलं.

शिवाय या भाषेत आपले शब्द आपणच बनवायचे. लहान शब्दाचा अर्थ एकदा सांगून ठेवायचा, चार लहान शब्दांतून एक मोठा करायचा, मोठ्यांतून आणखी मोठा. कुठल्याच शब्दाचा अर्थ दोन ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. शेवटी सगळा कारभार एका वाक्यात मावतो. यंत्राला कळेल असं कुणीही लिहितो, तो म्हणाला, पण आपण गेल्यावर जो माणूस येईल त्याला ते वाचता आलं पाहिजे.

मला सगळं पटलं. मी एवढंच विचारलं की, त्या ढिगात कुणी आपली वस्तू वर न ठेवता खालून सरकवली तर काय होईल?

तो हसला. “साहेब, असं कोण कशाला करेल?”

मी विषय बदलला. असं करणारा एक माणूस मला माहीत होता, आणि त्याने ते का केलं तेही माहीत होतं.

एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठी, एका उपसा सिंचन सोसायटीत कारकून होतो. हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातला. सभासद काठावरचे बागायतदार, केळी आणि ऊस लावणारे. नदीचं पाणी उन्हाळ्यात फार खाली जाई, म्हणून पंप काठावर न ठेवता वीस फूट खोल बांधीव खड्ड्यात बसवला होता. त्याला फिरवणारं डिझेल इंजिन वर, पत्र्याच्या शेडमध्ये. दोघांना जोडणारा एक लांबलचक पट्टा. पट्टा मोकळ्या चाकावर असला की इंजिन नुसतं फिरायचं; दांडी ढकलली की पट्टा शेजारच्या घट्ट चाकावर यायचा आणि खाली पंप फिरू लागायचा. वरच्या माणसाला खालचा दिसत नसे, खालच्याला वरचा दिसत नसे. सगळं काम हाका मारून चाले.

कामावर दोन सख्खे भाऊ होते, कोरीट गावचे. थोरला पंचेचाळिशीचा, तो वर इंजिनावर. धाकटा तिशीचा, तो खाली पंपावर. मी रुजू झालो आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की खालून हाक आली की थोरला ‘हाव’ म्हणतो, पण उशिरा. आणि कधी कधी हाक आलेलीच नसते, तरी ‘हाव’ म्हणतो. एकदा धाकटा गावात गेलेला असताना मी मुद्दाम त्याच्या पाठीमागून बोललो. त्याने वळून पाहिलं नाही. समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

“पंधरा वरीस इंजिनजोडे काढात,” तो म्हणाला. “कान तेनीच खाई टाकात. कोनले सांगू नका, भाऊसाहेब. मी गऊ का तोबी जाई.”

ते खरं होतं. धाकट्याला नोकरी मिळाली होती ती थोरल्याच्या शब्दावर, कागदावर काही नव्हतं. बहिरा इंजिनवाला कमिटीने एक दिवस ठेवला नसता, आणि त्याच्याबरोबर भाऊही गेला असता. दोघांची घरं एकाच चुलीवर होती. म्हणजे त्या खड्ड्यात काही होऊ नये आणि वर कुणाला काही कळू नये, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या होत्या. मी सांगणार नाही असं कबूल केलं आणि घरी येऊन कागद घेतला. कुठलीही अडचण कागदावर उतरवली की निम्मी सुटते, असं मी तेव्हा मानत असे.

इंजिनाबरोबर एक नियमावली आली होती. साठ पानांची. तिच्यात ‘शोषण नलिकेतील वायूचे संपूर्ण निष्कासन झाल्याची खातरजमा केल्याखेरीज’ अशी सुरुवात होऊन वाक्य पुढच्या पानावर संपायचं. थोरला चौथी शिकलेला, अक्षरं वाचायचा. धाकटाही वाचायचा. मी त्यांना एक पान वाचून दाखवलं तेव्हा धाकट्याने विचारलं, “हाई कोनी भाषा शे?” मी मराठी म्हटल्यावर त्याने भावाकडे पाहिलं, आणि दोघांनीही नम्रपणे माना डोलावल्या.

मग मी त्या दोघांचे शब्द गोळा केले. पंपाला ते घोडा म्हणायचे. पंप सुरू करण्याआधी त्याच्या पोटात पाणी भरून हवा काढावी लागते, नियमावलीत त्याला दीड पान दिलेलं. हे दोघं म्हणायचे, घोडाले पानी पाज. मी एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लिहिलं: पाज. खाली एक ओळ: दोन डबे, नरसाळं, ओत; बुडबुडे बंद, थांब. असेच ‘तेल’, ‘फिरव’, ‘जोड’, ‘सोड’. मग एक मोठा शब्द, ‘चालू’, आणि त्याखाली फक्त: पाज, तेल, फिरव, जोड. ज्या पुठ्ठ्यावर तिसरी ओळ येई तो मी फाडून टाकी आणि त्याचे दोन करी. साठ पानांचे एकोणीस पुठ्ठे झाले. भिंतीवर लावले. थोरल्याने ते एकदा उभ्याने वाचले, आणि मग मला म्हणाला की हे तर आम्हीच बोलतो. त्याला वाटलं मी कष्ट घेतलेच नाहीत.

पुठ्ठ्यांनी काय करायचं ते कळत होतं. आत्ता काय चाललंय ते कळत नव्हतं. इंजिनावरचं काम एका ओळीत कधीच होत नाही. पाणी पाजताना नरसाळं तुंबतं, ते साफ करताना डबा गळतो असं दिसतं. बहिऱ्या माणसाला खाली काय चाललंय ते कळणार कसं? म्हणून इंजिनाच्या दांडीशेजारी, खड्ड्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी, भिंतीत एक वीतभर लांब खिळा ठोकला. प्रत्येक शब्दाचा पत्र्याचा एक बिल्ला केला, भोक पाडून. काम हातात घेतलं की त्याचा बिल्ला खिळ्यावर टांगायचा. मध्येच दुसरं काम निघालं की त्याचा बिल्ला त्यावर. ते संपलं की तो काढायचा, खालचा दिसतो, तिथून पुढे चालायचं. आणि एकच सक्त नियम: खिळ्यावर सर्वांत वर जो दिसेल त्याच्याखेरीज दुसरं काही करायचं नाही. ‘खाली माणूस’ असा एक बिल्ला होता. तो वर असेपर्यंत दांडीला हात लावायचा नाही.

एक पूर्ण हंगाम हे चाललं. थोरला कुठल्याही दांडीला हात घालण्याआधी खिळ्याकडे पाहायचा. हाका कमी झाल्या, मग बंद झाल्या. पंपघरात बोलणंच उरलं नाही, आणि त्यामुळे कोण बहिरा आहे हा प्रश्नही उरला नाही. सोसायटीचे अध्यक्ष एकदा बागेचं पाणी पाहायला आले, पाच मिनिटं खिळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, आता मलासुद्धा इंजिन चालवता येईल. धाकट्याने थोरल्याला खुणेने ते सांगितलं. तो म्हणाला, “चालवा ना, शेठ. हँडल जड शे, पोट ते कमी व्हई.” अध्यक्ष हसले. मी तेव्हा पंचविशीत होतो. इतकं नीट बसलेलं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही.

ते तिथेच सोडायला हवं होतं. पण माझ्या रोजच्या वहीत ‘काम’ असा एक रकाना होता तसा ‘कोण’ असाही होता, आणि खिळ्यावरून काम कळायचं, कोण करतोय ते कळायचं नाही. मला ते अपुरं वाटलं. वाचणाऱ्याला एका नजरेत दोन्ही दिसलं पाहिजे. मी कमिटीची मंजुरी घेतली, शहाद्याच्या तांबटाकडून जुन्या भांड्याच्या पत्र्याचे बिल्ले कापून आणले आणि वाटणी केली. तांब्याचे थोरल्याचे, पत्र्याचे धाकट्याचे. थोरल्याला ते फार आवडले. दर सोमवारी चिंच आणि राखेने घासून तो ते लखलखीत ठेवायचा.

चैत्रातल्या एका दुपारी मी पंपघरात गेलो. थोरला इंजिनाच्या मागे तेल घालत होता. खिळ्यावर त्याचा तांब्याचा ‘तेल’ बिल्ला होता आणि त्याच्यामागून पत्र्याची एक कड दिसत होती. उचलून पाहिलं तर ‘खाली माणूस’. म्हणजे धाकटा खड्ड्यात होता आणि त्याचा बिल्ला खाली दडलेला. तेल घालायला दांडी लागत नाही म्हणून त्या वेळी धोका नव्हता. मी धाकट्याला वर बोलावलं आणि विचारलं की, तुझं काम नंतर निघालं, मग बिल्ला खाली कसा?

त्याने खिळ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं.

“दादाना बिल्लावर मन्हा बिल्ला कसा टांगू?” तो म्हणाला.

मी त्याला खाटेवर बस आणि भावाला जमिनीवर बसव असं सांगितलं असतं तर त्याने ज्या नजरेने पाहिलं असतं, तसं तो पाहत होता. थोरल्यादेखत तो खाटेवर बसत नसे. त्याच्यासमोर बिडी ओढत नसे. जेवताना त्याच्या आधी ताटाला हात लावत नसे. तांब्याचे बिल्ले आल्या दिवसापासून तो दादाचा बिल्ला अलगद उतरवून, आपला खाली घालून, दादाचा पुन्हा वर ठेवत होता. दादाले ठाऊक शे, तो म्हणाला, दादा उचलीसन दखस. खरोखरच थोरला कधी कधी आपला बिल्ला उचलून खाली पाहायचा. दोघांनी माझ्या नियमाच्या आत आपला एक नियम बसवला होता आणि त्यांच्या परीने तो चालतही होता.

चूक कुठे आहे ते मला उभ्या उभ्या कळलं. जोवर सगळे बिल्ले एकसारखे होते तोवर ती कामं होती, आणि कामावर काम ठेवायला कुणाचाच संकोच नव्हता. मी त्यांची माणसं केली होती. उपायही सोपा होता, सगळे बिल्ले पुन्हा एकाच धातूचे करायचे. पण तांब्याचे बिल्ले मंजुरी घेऊन आणलेले, थोरला ते घासून ठेवणारा. त्याला काय सांगायचं आणि कमिटीला काय सांगायचं याचा थोडा विचार करायला हवा होता. मी धाकट्याला म्हटलं, या आठवड्यात बदलतो. आणि आठवड्याच्या यादीत लिहिलं: बिल्ले पूर्ववत करणे. सातवं काम. वर पाटाच्या फाटकाचं कुलूप होतं, हजेरीपत्रक होतं, डिझेलच्या पिंपांची मोजणी होती. मी कामं क्रमानेच करतो.

गुरुवारी मी चौथ्या कामावर होतो.

त्या दिवशी खालच्या शेतांतून पाण्यासाठी दोनदा निरोप आला होता. थोरल्याने ‘चालू’चा बिल्ला टांगला, इंजिन फिरवलं, आणि पट्टा जोडण्याआधी इंजिन गार ठेवणाऱ्या टाकीतलं पाणी पाहायला शेडच्या मागे गेला. तेवढ्यात धाकट्याला दिसलं की पंपाच्या फिरणाऱ्या दांड्याभोवतीचं, पाणी अडवणारं पॅकिंग सुटलं आहे. ते दाबून बसवायला दोन मिनिटं लागतात. तो वर आला, आपला बिल्ला दादाच्या बिल्ल्याखाली घातला आणि पायऱ्या उतरला. उतरताना, एरवी करत नसे ते त्याने केलं, हाक मारली की मी खाली आहे. वरून दादाचं सवयीचं ‘हाव’ ऐकू आलं.

थोरला घाईने परत आला. खिळ्यावर तांबं चमकत होतं. त्याने ते उचलून पाहिलं नाही. दांडी ढकलली.

मी शंभर पावलांवर ऑफिसात होतो. ओरडणं मी ऐकलं, पाटावर काम करणाऱ्या बायकांनीही ऐकलं. मी धावत शेडमध्ये शिरलो तेव्हा थोरला इंजिनाच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभा होता, ठोके नीट पडताहेत का ते पाहत. मी त्याला ढकलून दांडी मागे ओढली. त्याने काय झालं असं विचारलं नाही, नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला बोलता येईना, म्हणून त्याला काही कळेना. शेवटी मी खिळ्यावरचा बिल्ला वर उचलला.

धाकट्याचा उजवा हात शहाद्याच्या दवाखान्यात कोपरापासून काढला.

चौकशी गावातल्या शाळेत झाली, तीन जणांची कमिटी आणि अध्यक्ष. थोरल्याला विचारलं की भावाने हाक मारली ती तू ऐकलीस का? तो प्रश्न विचारणाऱ्याच्या ओठांकडे पाहत होता. मग त्याने ते पाहणं सोडलं आणि मान खाली घातली.

“माले ऐकू येस नई,” तो म्हणाला. “चार वरीस व्हई गयात.”

अध्यक्षांनी माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? मी नाही म्हणालो. मग त्यांनी बिल्ल्यांबद्दल विचारलं, प्रश्न पाटीवर लिहून थोरल्यासमोर धरला. माझी नोकरी त्याच्या एका वाक्यावर होती. तो म्हणाला, बिल्ला बराबर व्हतात, मीच उचलीसन दखं नई. त्यांनी मला विचारलं की रचनेत काही दोष होता का? यादीतलं सातवं काम मला तोंडपाठ होतं. मी म्हणालो, दोष आढळला नव्हता.

थोरल्याला त्याच दिवशी काढलं. धाकट्याला, हात सोसायटीच्या कामात गेला म्हणून, आवाराच्या फाटकावर राखणदार ठेवलं. बिल्ले, पुठ्ठे आणि खिळा काढून टाकायचा ठराव झाला. साठ पानांची नियमावली परत आली. ती भोक पाडून सुतळीने भिंतीला टांगली, आणि शेजारी एक तक्ता लावला. नव्या इंजिनवाल्याने रोज सकाळी ‘नियमावली वाचली’ म्हणून त्यावर सही करायची. तो रोज सही करायचा. नियमावलीची मधली पानं पहिल्या पावसाळ्यापर्यंत न उघडलेली, करकरीतच होती. कमिटीला आता सगळं नियमाप्रमाणे वाटत होतं, आणि तक्ता दर महिन्याला बदलायचं काम माझ्याकडे होतं.

धाकटा शनिवारी घरी जाऊन सोमवारी परत यायचा. हळूहळू तो जाईनासा झाला. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला की, मी घरात पाऊल टाकलं की दादा मागच्या दाराने शेतात निघून जातो. “बोलनं ते लांबच. दखसबी नई.” आपण असलो तर दादाला जेवणही जात नाही, म्हणून आपणच जात नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला म्हटलं, एकदा त्याला समजावून सांग की चूक त्याची नव्हती. सांगू कसं, तो म्हणाला, त्याला ऐकू येत नाही आणि तो तोंडाकडे पाहत नाही.

वर्षभराने तो ऑफिसात आला आणि मला एक अर्ज लिहून द्या म्हणाला. मला वाटलं पगारवाढीचा असेल. तो म्हणाला, “मन्ही जागा दादाले द्या. फाटक उघडाले कान लागतस का?”

मी त्याला समजावलं की काढलेल्या माणसाला परत घेत नाहीत, आणि जागा अशी भावाच्या नावावर करता येत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, लिखा. मी लिहिला. कमिटीपुढे जायचं तर कमिटीच्या भाषेत लिहावं लागतं, म्हणून ‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन’ इथून सुरुवात केली. वाचून दाखवा म्हणाला तेव्हा वाचून दाखवला. तो खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, “येमा दादानं नाव कोठे शे?” मी तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं. त्याने वाकून ते नाव वाचलं. उजव्या हाताने तो सही करायचा, आता डाव्याने जमत नव्हती. मी शाईची डबी पुढे केली. सरकारी रिवाजाने पुरुषाचा डाव्याच हाताचा अंगठा घेतात, त्यामुळे त्या बाबतीत अर्जात काही उणं राहिलं नाही.

अर्ज पुढच्या सभेत सात-आठ विषयांबरोबर आला आणि दोन मिनिटांत नामंजूर झाला. ठराव मीच लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीशी येऊन उभा राहिला, तेव्हा मी वही उघडून ठराव त्याला वाचून दाखवला. त्याने विचारलं, म्हणजे काय?

“नई,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. बाहेर फाटकाशी उसाची एक गाडी येऊन थांबली होती आणि गाडीवान ओरडत होता. तो फाटक उघडायला गेला. कोरीटला ही गोष्ट कुणी सांगितली का, आणि थोरल्याला आपल्यासाठी असा अर्ज झाला होता हे तरी कधी कळलं का, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मी कारखान्यात लागलो.